पेल्यांची उतरंड

बाबुरावांच्या कपाटावर स्टीलचे तीन पेले एकावर एक पालथे रचलेले असत. सगळ्यात लहान खाली, मोठा वर. रचना मुद्दामच लटपटती होती, जमीन जरा हलली तरी वरचा पेला खणखणत खाली आला पाहिजे. लातूरकडच्या त्यांच्या गावात भूकंपानंतर घरोघर अशी उतरंड लागली होती. पुढे गाव उठलं, बाबुरावांना पोस्टात नोकरी लागली, पुण्याला बदली झाली, मुलाने, चेतनने, हडपसरला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. उतरंड सगळीकडे त्यांच्याबरोबर गेली.

सून दीक्षाला तिचं काही वाटत नसे, ते तिची लेक उत्पला चालायला लागेपर्यंत. आता ती अडीच वर्षांची पोर कपाटाच्या खणांत पाय रोवून वर चढू बघे आणि दीक्षा हातातलं काम टाकून धावे. दीक्षा मूळचीच धास्तीखोर. प्लगना टेप, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, बाल्कनीला जाळी आणि बाहेरच्या दाराला उंचावर एक जादा कडी. "एकदा घरालाच हेल्मेट घाल," चेतन म्हणायचा.

आज सासऱ्यांना सांगायचंच, पेले काढा, असं तिने सकाळी ठरवलं. एकदम कसं बोलायचं, म्हणून फोनवरचा एक फोटो पुढे केला. ती इतिहासाची एम.ए., असलं काहीबाही साठवून ठेवायची. ग्रीसमधल्या एका बेटावरचं जुनं गाव होतं ते. चौकटी उभ्या, छपरं गेलेली. भूकंपामागून भूकंप झाले तशी माणसं गाव सोडून खाली समुद्राकाठी राहायला गेली होती.

बाबुरावांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "नवीन गाव किती लांब दिलं त्यांना?"

"फार नाही. सणाला सगळे वर जातात म्हणे, जुन्या चर्चमध्ये."

"बरंय. आमच्या जुन्या गावात बाभळीच राहत्यात." ते फोटोकडे बघतच राहिले. "आमच्या भिंती मातीच्या, दगड हे एवढाले. पहाटे सगळ्या आत पडल्या. माझ्या दादाची शालू दारापातूर पोचली व्हती, दीक्षा. कडी वर व्हती. लेकराचा हात पुरंना."

दीक्षाने फोन बाजूला ठेवला.

"मग नवीन गाव बांधून दिलं. ज्याची जमीन मोठी त्याचं घर मोठं. आमची वस्ती तिथंबी कडेलाच. भूकंपानं सगळं हलवलं, तेवढं काय हललं न्हाई."

पेल्यांचं उद्या बोलू, असं ठरवून ती उठली.

दुपारी ती भाजी घेऊन परत आली तर दार सताड उघडं. पेले जमिनीवर, त्यातही दोनच. बाबुरावांचा फोन खाटेवर. आजोबा नाहीत, नात नाही. शेजारच्या प्लॉटवर खडक फोडायचं मशीन धडधडत होतं, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. काय झालं असेल ते तिला कळलं आणि हातातली पिशवी तिथेच पडली.

दाराशेजारच्या मागच्या जिन्यातून, अगदी खालून, आवाज येत होता. ठण. ठण. ठण.

ती पायऱ्या कशा उतरली ते तिचं तिलाच ठाऊक. तळाच्या लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप होतं. उत्पला आजोबांच्या कडेवर बसून पेला गजांवर आपटत होती. "आई, बंद!"

"बाबा, भूकंप नाहीये. शेजारी खोदतायत."

"कळलं, हितं आल्यावर कळलं." बाबुरावांची मूठ अजून गजावर आवळलेली होती. "पण पुन्हा वर जायला पाय उचलंना."

ती रागावणारच होती, पण नजर कुलपावर गेली. गंजून एकजीव झालेलं. भूकंप आज नव्हता. कुलूप मात्र होतं.

"बसा बाबा इथेच," ती म्हणाली आणि तिने सोसायटीच्या चेअरमनना फोन लावला.

श्यामसुंदरकाका जाळीच्या पलीकडून आले. "काय वहिनी, पुण्यात भूकंप? आधी नळाला पाणी तर येऊ द्या!"

"आग तरी लागू शकते ना काका?"

"कुलूप कुत्र्यांसाठी आहे. ती जिन्यात शिरतात."

"मग कोंडलंय कुणाला? कुत्री तर तुमच्या बाजूला मोकळी आहेत."

"हे बघा, मीटिंगमध्ये रीतसर विषय मांडा."

"मांडते ना. तोवर आम्ही इथेच. हिचं जेवण इथे, झोप इथे. कुणी विचारलं तर कारण तुम्ही सांगायचं." तिने उत्पलाला मांडीवर घेतलं आणि पायरीवर ठाण मांडलं.

आवाजाने पहिल्या मजल्यावरच्या प्रेमलाकाकू उतरल्या. कुत्र्यांविरुद्ध सगळ्यात जास्त तक्रारी त्यांच्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वर जाऊन खुर्ची आणली आणि दीक्षाशेजारी बसल्या. "माझे गुडघे असे. पळायची वेळ आली तर मला हाच जिना जवळचा. द्या हो किल्ली!"

काकांनी खिसे चाचपले. "नागोराव, किल्ली?"

वॉचमन नागोराव डोकं खाजवत म्हणाला, "ती जुन्या चेअरमनसाहेबांकडं. ते नाशिकला गेले की राहायला."

काका मोबाइलमध्ये जुन्या चेअरमनचा नंबर शोधू लागले. दीक्षा थांबली नाही. "शेजारच्या खोदकामावर कटर असेल. नागोराव, बोलवा कुणाला तरी."

कटरवाला आला, ठिणग्या उडल्या, कुलूप खाली पडलं. कुत्री येऊ नयेत म्हणून आतून हाताने उघडेल असा साधा अडसर आजच बसवायचा, हे दीक्षाने काकांकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं. मग ती तिघं त्याच दारातून अंगणात गेली आणि जरा वेळ नुसतीच उन्हात उभी राहिली.

घरी आल्यावर बाबुराव पेले गोळा करू लागले. "काढूनच टाकतो हे. पुण्यात कशाला हे, असं चेतन म्हणतो ते खरंय."

"काढू नका. माळ्यावर रचा, हिचा हात पोचणार नाही तिथे. आणि वरचा पितळेचा ठेवा, स्वयंपाकघरात ऐकू यायला हवा."

तिने खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला, स्टूल ओढलं आणि बाहेरच्या दाराची ती उंचावरची कडी सोडवायला घेतली.

"अगं, मग पोरगी बाहेर पळंल की!"

"पळू दे," पहिला स्क्रू तळहातावर घेत ती म्हणाली. "मागे धावायला आपण आहोत."