पान चौऱ्याऐंशीवरचा नारळ

आमच्या वाचनालयात अभिप्रायाची एक वही आहे. पुस्तक परत करताना वाचकाने तिच्यात दोन ओळी लिहायच्या, असा नियम बावीस वर्षांपूर्वी मी ग्रंथपाल झालो तेव्हा मीच केला. लोक बिचारे लिहितात. ‘छान आहे.’ ‘शेवट समजला नाही.’ ‘मधली चार पाने गायब आहेत, चौकशी व्हावी.’ एका पुस्तकाला फार तर पाच-सहा अभिप्राय. फक्त एका पुस्तकाला अकरा पानं भरून अभिप्राय आले, आणि त्या अकरा पानांची मला शिसारी येते.

ते पुस्तक आमच्या किनाऱ्यावरचं. पुण्याच्या शर्मिलाबाईंनी लिहिलेलं. खाड्या, कातळ, देवळं, जत्रा, माशांची कालवणं, सगळं आहे त्यात. मुंबईत त्याला बक्षीस मिळालं. आमच्या गावावर एक प्रकरण आहे, आणि त्यातलं पान चौऱ्याऐंशी वाचून लोकांना गहिवर येतो. ‘आपल्या मातीचा सुगंध दरवळला.’ ‘डोळे पाणावले.’ ‘आपल्या गावचा खरा इतिहास आज कळला.’

त्या पानावर एक अक्षर खरं नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती थाप मीच मारली होती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई कुडाळला गाडीतून उतरून रिक्षाने थेट वाचनालयात आल्या. मी त्यांना घेऊन किनाऱ्यावर गेलो. तिथे बाबली जाळं विणत बसला होता. हरिश्चंद्र दुकान बंद करून चहाला आला होता. आणखी सात-आठ जण होते. बाईंनी समोरचा कातळ दाखवून विचारलं, “याचा काही इतिहास?”

तो राखणदाराचा कातळ. राखणदार म्हणजे किनारा सांभाळणारा देव. त्याला ना मूर्ती ना देऊळ. नारळी पौर्णिमेला त्या कातळावर पहिला नारळ वाहायचा आणि मगच रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं पाण्यात घालायचं, अशी रीत. तो पहिला नारळ बाबलीच्या घराचा. आमच्याकडे माणूस एक वेळ जमीन सोडेल, पण मान सोडत नाही. बाबलीकडे दुसरं होतं तरी काय? एक जुनी होडी, कौलारू घर आणि वर्षातून एकदा सगळा गाव आपल्या हाताकडे बघत थांबतो ते चार क्षण.

एवढं मी बाईंना सांगितलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण पाहुणा दिसला की आमच्या जिभेला खाज सुटते. फिरकी घेतल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागत नाही. मी म्हटलं, “बाई, फार मोठा इतिहास आहे. एकदा भर वादळात सात होड्या अडकल्या. तेव्हा या हरिश्चंद्राच्या आजोबांनी दातांत नारळ धरून समुद्रात उडी घेतली, पोहत कातळ गाठला, राखणदाराला नारळ वाहिला. वादळ शमलं. सातही होड्या परत आल्या.”

सगळे खो खो हसले. कारण हरिश्चंद्राचा आजा घाटावरच्या गावातून किराणा विकायला आलेला. पाण्याला इतका भ्यायचा की खाडी ओलांडताना तरीत डोळे घट्ट मिटून बसायचा आणि पलीकडे पोचल्यावर लोकांनी हलवून सांगावं लागायचं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्याची नक्कल करायचं. हरिश्चंद्र स्वतः पोट धरून हसला. बाबली तर सगळ्यात मोठ्याने.

बाईंना वाटलं, आम्ही अभिमानाने हसतोय. त्या भराभर टिपून घेत होत्या. निघताना त्यांनी विचारलं, “हे सगळं नक्की ना?” आणि सगळ्यांच्या तोंडांतून एकदम निघालं, “व्हय, व्हय!” पाहुण्यासमोर आपल्या माणसाला कोणी खोटं पाडत नाही. नंतर खरं सांगू, असं मी मनात म्हटलं आणि विसरून गेलो. बाई विसरल्या नाहीत. तीन वर्षांनी पुस्तक आलं.

पहिल्यांदा मी पान चौऱ्याऐंशी वाचलं तेव्हा मलाही हसू आलं. मग अभिप्राय येऊ लागले आणि हसू आटलं. त्या दिवशी तिथे हजर असलेला एक जण ‘ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो’ असं लिहून खाली सही करून गेला. मी त्याला हटकलं. म्हणाला, “छापलेला आसा मरे! बाय काय खोटा लिवतली?”

हरिश्चंद्राच्या मुलाने, दीपेशने, ते पान मोठं करून चौकटीत लावलं. दीपेशचं किनाऱ्यावर रिसॉर्ट आहे, पर्यटकांना पाण्यात फिरवायच्या बोटी आहेत, आणि गावातल्या बारा घरांतले मुलगे त्या बोटींवर कामाला आहेत. पर्यटक चौकटीसमोर उभे राहून फोटो काढायचे. तोवर ठीक होतं. यंदा नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी देवळात गावकीची बैठक बसली, आणि दीपेश पुस्तक हातात घेऊन उभा राहिला. घरी मालवणी बोलणारा हा माणूस कचेरीतली मराठी बोलू लागला तेव्हाच मला कळलं की पाणी कुठे मुरतंय.

“ऐतिहासिक पुरावा उपलब्ध आहे,” तो म्हणाला. “पहिला नारळ वाहण्याचा मान आमच्या घराण्याचा आहे. मधल्या काळात तो दुसरीकडे गेला. तो परत मिळावा, एवढीच विनंती.”

मी उठलो. सगळ्यांसमोर सांगितलं, “ती गोष्ट खोटी आसा. मी सांगलेली. बाईची फिरकी घेतलेली. तुमच्यातले चार जण थंय व्हते, सांगा की!”

ते चारही जण देवळाच्या खांबांवरची नक्षी बघू लागले. त्यांच्यातल्या तिघांचे मुलगे दीपेशच्या बोटीवर.

दीपेश शांतपणे म्हणाला, “काका, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? एकदा तरी खोटं बोललातच. मग तुमचं ऐकायचं कशाला?”

 

मी हरिश्चंद्राकडे वळलो. “हरी, तू सांग. तुझो आजो पाण्यात कधी उतरलेलो?” त्या दिवशी हसून हसून याच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. तो म्हणाला, “आमचो आजो तसो धीराचो व्हतो. लोकांनी उगाच तेची मस्करी केली.” आणि मला भीती वाटली ती याची, की तो खोटं बोलत नव्हता. तीन वर्षं चौकटीतलं ते पान बघून बघून त्याला ते खरंच वाटू लागलं होतं.

बाबली म्हणाला, “देवाक कौल लावया. देव काय सांगात, ता माका मान्य.” कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून निकाल मागायचा, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावातले निम्मे तंटे असेच मिटतात.

“पुस्तकात स्पष्ट छापलेलं असताना देवाला त्रास कशाला?” दीपेश म्हणाला, आणि गावकीने माना डोलावल्या.

मी घरी येऊन शर्मिलाबाईंना फोन केला. सगळं कबूल केलं. पुस्तकातून ते पान काढा, चार ओळींचं पत्र तरी द्या, म्हणून अक्षरशः हात जोडले. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या खूश झाल्या. “गुरुप्रसादजी, लोककथा अशाच जन्माला येतात! तुम्ही स्वतःला कमी लेखताय. मला वाचकांची जेवढी पत्रं येतात ना, त्यांत सगळ्यात जास्त उल्लेख त्याच पानाचा असतो. पुढच्या आवृत्तीत तुमचे आभार मानते.”

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच वहीत अभिप्राय लिहिला. ‘पान ८४ वरील गोष्ट खोटी आहे. ती मी लेखिकेला गंमत म्हणून सांगितली. नारळाचा मान बाबलीच्या घराचा आहे. गुरुप्रसाद, ग्रंथपाल.’ चार दिवसांत त्याखाली सात जणांनी लिहिलं. ‘ज्यांना स्वतःला लिहिता येत नाही ते दुसऱ्याच्या लेखनाला नावे ठेवतात.’ ‘ग्रंथपालांनी वाचकांच्या भावनांशी खेळू नये.’ आणि कॉलेजात शिकणाऱ्या रियाने लिहिलं, ‘खोटी असली तरी किती सुंदर आहे!’ बाकीच्या सहांचा मला राग आला नाही, एवढा हिचा आला. सुंदर! त्या सुंदरपणाचं बाबलीने काय करायचं, हे कोण सांगणार?

पौर्णिमेला ओहोटी होती. कातळापर्यंत गुडघाभर पाणी. दीपेश फोटोसाठी नारिंगी लाइफ जॅकेट घालून त्या गुडघाभर पाण्यातून गेला आणि त्याने नारळ वाहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे नारळ वाहताना कधी टाळ्या वाजवत नसत. बाबली गर्दीत मागे उभा होता. त्याच्या हातातल्या कापडी पिशवीत घरच्या माडाचा नारळ होता, सोललेला, शेंडी ठेवलेला. नेमाप्रमाणे घेऊन आला असेल. तसाच परत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाचनालयात आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. चपला बाहेर काढून ठेवल्या आणि बाकावर टेकला.

“ता पान माका वाचून दाखय,” तो म्हणाला.

मी वाचलं. माझीच थाप, बाईंनी मीठमसाला लावलेली. वादळ, सात होड्या, दातांत धरलेला नारळ, किनाऱ्यावर रडणाऱ्या बायका. बाबली मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“बरा सांगलंस रे,” तो म्हणाला.

“बाबली, माका माफ कर.”

“तुका एकट्याक कित्याक माफ करू? त्या दिवसा मी पण हसलंय.”

मी कागद पुढे ओढला. “तुझ्या घराण्याचा खरा काय ता सांग. तुमका मान कसो मिळालो, कोणाक मिळालो, सगळा सांग. मी लिवतंय. कोण छापूक नाय तर मी छापतंय.”

आठवून आठवून बाबलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाला, “माका म्हायत नाय.”

“असा कसा म्हायत नाय?”

“बापाशीन कधी सांगूक नाय. तेणा नारळ दिल्यान, मगे मी दिलंय. गोष्ट करून सांगूची पाळी कधी इलीच नाय. तेका म्हायत असतली.” तो उठला, दारात जाऊन चपला पायात सरकवल्या. “बावीस वर्सा तू हंय बसतंस, गुरू. माझो बापूस ह्या समोरच्या पारार येवन बसायचो. एकदा तेका इचारूचा व्हता.”

तो गेला. कागद कोराच राहिला.

मी ग्रंथपाल झाल्यानंतर बाबलीचा बाप नऊ वर्षं जिवंत होता. रोज संध्याकाळी त्या पारावर एकटाच बसलेला असायचा. मी खिडकीतून त्याला हात करायचो आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचो.