साक्षीला बर्फाची लादी

कोणीच विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवणार नाही. पण एकोणनव्वद सालच्या मे महिन्यात मी ठाण्याच्या कोर्टात बर्फाची अख्खी लादी साक्षीला उभी केली होती.

मीरा रोडला आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर बसून मी हे सांगत होतो. शेजारी मॅन्युएल. दर रविवारी चर्च आटोपलं की तो उत्तनहून येतो आणि माझ्या गोष्टी मुकाट ऐकतो. समोर पहिल्या मजल्यावरचा नीरज.

"वकील कोण होता, काका?"

"वकील कशाला? त्याची फी दाव्याहून मोठी. मीच उभा राहिलो. उत्तनच्या धक्क्यावर माझा बर्फाचा धंदा. ह्या मॅन्युएलने मोसमभर बोटीसाठी बर्फ नेला, उधारीवर. चार हजार थकले. इकडे आमच्या गिरिजाचं ऑपरेशन अडलेलं. बायकोसाठी ह्याच्या दारी दहा खेपा घातल्या, मग दावा लावला."

"त्या साली मासलीच न्हाय लागली," मॅन्युएल पुटपुटला.

"प्रतिवादीने मध्ये बोलू नये. तर जज्जसाहेब म्हणाले, पावती दाखवा. धक्क्यावर कसली पावती? म्हणाले, मग माल दाखवा. म्हटलं, साहेब, माल वितळला, पण त्याचा सख्खा भाऊ आणलाय. गोणपाट काढलं, लादी टेबलावर. पंखा बंद. मी दोन तास बोललो. टायपिस्टच्या नाकावरून घाम गळत होता, पण लादीचा एक थेंब गळला नाही. निकालापर्यंत थांबली बिचारी. चार हजार, वर खर्च. संध्याकाळी गिरिजाच्या हातावर ठेवले."

"फेकताय, काका," नीरज हसला. "मे महिन्यात दोन तास?"

"विचार ह्याला. हा होता तिथे."

मॅन्युएल हसला नाही. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लादी खरी हाय," तो म्हणाला. "पण ती कोर्टात न्हाय गेली, दत्ताराम. तारखेच्या दिवशी आपण दोघंपण तिथं नव्हतो. गिरिजावहिनी पहाटेच गेली होती. तुझी पोर नागपूरवरून यायची होती, तोवर वहिनीला ठेवायला मीच ती लादी खांद्यावर आणली. आणि गळत होती ती. दिवसभर गळत होती. तू फडकं घेऊन पुसत बसला होतास."