दिवाळसणाची गिटार

पहिल्या दिवाळसणाला जावई काय मागतो? अंगठी, घड्याळ, फार तर स्कूटर. माझ्या नवऱ्यानं, परागनं, इलेक्ट्रिक गिटार मागितली. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, शंकर नगरात काचेची दुकानं उघडत होती आणि आपण मागे राहून कसं चालेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. माझे वडील, नाना, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. गिटारमधलं त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी दुकानातली सगळ्यात चकचकीत निवडली.

परागचा तिच्यावर भारी जीव. म्हणजे तो तिला रोज पुसायचा. वाजवणं मात्र जमत नव्हतं आणि त्याचं कारण त्याला लवकरच सापडलं. गिटारच्या दांड्याला मागून जो चकाकता थर असतो, त्याला म्हणे घामानं अंगठा चिकटतो. हातच सरकत नाही, तर वाजवणार काय? डिसेंबरात कुठला आलाय घाम, असं मी विचारलं. त्यावर मला संगीतातलं काही कळत नाही, असं ठरलं.

उन्हाळा लागला तसा त्याच्या कारणाला जोर चढला. शेवटी एका रविवारी त्यानं बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं, तारा काढल्या, जिथे घासायचं नाही तिथे चिकटपट्टी लावली आणि अगदी बारीक पॉलिश पेपरनं दांडा घासायला घेतला. जेवायला हाक मारली तरी उठला नाही. लग्न झाल्यापासून इतकं मन लावून काही करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. संध्याकाळपर्यंत दांड्याची सगळी चमक गेली. हात फिरवला तर कोरडा, मऊ लागत होता. परागनं तारा चढवल्या, गिटार भिंतीला टांगली आणि दमून झोपला. ती पुढे बरेच महिने तिथेच होती.

गणपतीच्या आधी नाना घरी आले. त्यांनी गिटार खाली काढली, चष्मा लावला आणि दांड्यावरून बोट फिरवलं. सासऱ्यानं दिलेली वस्तू आपण खरवडून ठेवली आहे, हे परागला तेव्हा पहिल्यांदा उमगलं असावं. त्याचा चेहरा पडला.

"जावईबापू, याची चमक कुठं गेली?"

मग नानांनीच उत्तर शोधलं. पार्सल ऑफिसातल्या शिक्क्याची लाकडी मूठ अशीच होत असे, म्हणाले. वर्षानुवर्षं दाबून दाबून वार्निश उडायचं. इथे तर वर्षही झालं नव्हतं.

"किती वाजवून राहिले तुम्ही!"

"हव, नाना," पराग म्हणाला. एवढंच.

नाना गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. रविवारी जाऊन खरं सांगतो, म्हणाला. पण रविवारपर्यंत नानांनी सगळ्या मराठी मंडळात सांगून टाकलं होतं आणि गणपतीच्या कार्यक्रमात परागचं नावही लागलं होतं. नानांनी त्या मंडळात आयुष्यभर सतरंज्या अंथरल्या, खुर्च्या मांडल्या. आमच्या घरातलं कुणी कधी स्टेजवर गेलं नव्हतं. आता ते पहिल्या रांगेत बसणार होते, त्यासाठी नवा सदरा शिवायला टाकला होता. तो सदरा पाहून परागला तोंड उघडवेना.

मग त्यानं खरोखर वाजवायला घेतलं. बोटं सुजली. निवडली काय, तर आरतीची चाल, म्हणजे मंडपातल्या शेंबड्या पोरालाही चूक कळावी अशी. त्या संध्याकाळी लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि तिसऱ्या ओळीलाच परागच्या चुकांनी तो सुटला. सगळे हात वर धरून परागची वाट पाहत बसले. परागचा हात मात्र कुठेही अडकला नाही. तो सरसर चुकीच्या जागी पोचत होता.

घरी आल्यावर नानांनी नवा सदरा काढून घडी करून ठेवला. मग परागजवळ बसले.

"जावईबापू, आता सोडा हे. इतकी मेहनत करून बी नाही आलं, त्यात लाज कायची? तुम्ही कसर नाही ठेवली."

मंडपातली शांतता परागनं सोसली होती, नानांची ही शाबासकी त्याला सोसवेना. "नाना, मी वाजवतच नव्हतो," तो म्हणाला. "भिंतीला टांगून ठेवली होती. ती चमक मी पेपरनं घासून काढली."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"पाह्य मंजिरी," ते मला म्हणाले. "माह्या मनाले लागू नये म्हणून पोट्टा सोताले आळशी म्हणून राहिला."

पराग माझ्याकडे बघायला लागला. खरं काय ते मलाच माहीत होतं आणि खरं सांग म्हणून त्याच्यामागे मीच लागले होते. पण वाजवणारा जावई नानांनी त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत गमावला होता, आता कष्ट करणारा तेवढा उरला होता.

"हो नाना," मी म्हटलं. "रात्रंदिवस वाजवायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय."