कव्हरातली खाच

आमच्या वर्कशॉपात माझ्यापेक्षा माझ्या कानाला जास्त मान होता. फरिदाबादच्या या ट्रान्सपोर्टवाल्याकडे मी चौदा वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, आणि त्याआधी फौजेत पंचवीस वर्षं तेच केलं. इथे मला सगळे फौजी म्हणतात. मारुतराव हे नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलंय. इंजिन कुरकुरायला लागलं की मी लांब दांड्याचा पेचकस घ्यायचो, टोक इंजिनला टेकवायचो आणि मूठ कानामागच्या हाडाला. मग डोळे मिटून म्हणायचो, "तिसरा टॅपेट." उघडल्यावर तेच निघायचं. मालक खन्नासाहेब पाहुण्यांना सांगायचे, "इसके कान में मशीन लगी है." मशीन लावायची वेळ कधीच येऊन गेली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी बहिरा आहे. डावा कान फौजेतच गेला आणि उजवा त्याच्या मागोमाग निघाला. टॅपेट मी हाडाला लागणाऱ्या थरथरीवरून ओळखायचो. फौजेत वर्षातून एकदा मेडिकल व्हायचं. डॉक्टर वीस फूट मागे उभा राहून कुजबुजत आकडे म्हणायचा आणि आपण ते मोठ्याने परत म्हणायचे. कान अधू निघाला की कॅटेगरी खाली आणि प्रमोशनच्या नावाने आंघोळ. माझ्या शेजारच्या गावचा खंडेराव तेव्हा बरोबर माझ्या समोर येऊन उभा राहायचा आणि डॉक्टरचा आकडा ओठांनी मला सांगायचा. बदल्यात माझ्या वाट्याची रम त्याची. अशी आम्ही बारा मेडिकलं काढली.

फौज सुटली तशी ती ड्यूटी माझ्या बायकोने, अलकाने, घेतली. दार वाजलं की ती माझ्याकडे बघून मान हलवायची. फोन आला की स्पीकर लावून समोर बसायची आणि पलीकडचं बोलणं ओठांनी पोचवायची. आम्ही यावर एकदाही बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि घरात मला जगाकडून काही येणंच बंद झालं. दूधवाला दारावर हात आपटून परत जातो. कुकरच्या शिट्या मी वाफेवरून मोजतो.

मुलगी मीनाक्षी नोएडात असते, आयटीत. ती दर रविवारी सकाळी फोन करते. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं की मी उचलतो आणि तिला बोलूच देत नाही. पाण्याचा टँकर, वरच्या मजल्यावरचे शर्मा, माझा गुडघा, असं दहा मिनिटं दळण दळतो आणि "चल, ठेवतो" म्हणून ठेवून देतो. बाप म्हातारपणी स्वतःपुरतं बघायला लागला, असं तिला वाटत असणार. वाटू दे. माझी कीव करण्यापेक्षा तिने माझ्यावर चिडलेलं बरं, असं मी ठरवलं होतं.

तर मंगळवारी सकाळी आमच्या ड्रायव्हरचा, हरपालचा, ट्रक ओढत आणला. सीएनजीवरचा लहानसा ट्रक, पलवलजवळ चालता चालता बंद पडलेला. सेल्फ मारला तर इंजिन भुर्रकन फिरलं, दाब कुठेच नाही. टायमिंग चेन तुटली होती. ही चेन खालचा आणि वरचा शाफ्ट एका तालात ठेवते. ती तुटली की वर येणारे पिस्टन उघड्या वॉल्व्हवर जाऊन आदळतात आणि चांगल्या इंजिनाचं मातेरं होतं.

खन्नासाहेब खाली आले. साहेबांना मिशी नाही, त्यामुळे ते मला छान ऐकू येतात.

"चेन ऐसे ही नहीं टूटती," ते म्हणाले. "पहले महीनाभर आवाज़ करती है. ये गाना लगाकर चलाता रहा होगा. फौजी, खोलो. लापरवाही निकली तो आज ही इसकी छुट्टी."

हरपाल तीन मुलींचा बाप. वरचा ओठ पुरता झाकणाऱ्या त्याच्या मिशा आहेत, त्यामुळे त्याचं एक वाक्य मला कधी धड कळलं नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. साहेबांना त्याने काही सांगितलं नाही. मला मात्र तीन आठवड्यांपूर्वीची सकाळ आठवली. तो हाच ट्रक घेऊन आला होता आणि इंजिनाकडे हात करून काहीतरी सांगत होता. मी पेचकस लावला, डोळे मिटले. हाडाला नेहमीची थरथर लागली, दुसरं काही नाही. "कुछ नहीं है, ले जा," असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं होतं.

मी इंजिन उघडायला घेतलं. आधी टॅपेटचं कव्हर काढलं, मग हेड उतरवलं. आठातले सहा वॉल्व्ह वाकले होते आणि पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे घाव पडले होते. खालचं तेलाचं चेंबर सोडवलं तर तेलात काळ्या प्लास्टिकचे तुकडे. चेनला आधार देणारी पट्टी, गाईड, तिचा चुरा झाला होता. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पट्टी एका दिवसातही फुटू शकते, आणि देवाने तसंच केलेलं असावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

मग चेन झाकणारं समोरचं कव्हर काढलं. आतल्या बाजूला ॲल्युमिनियममध्ये एक लांब, चकचकीत खाच पडली होती. ढिली झालेली चेन फिरता फिरता तिथे घासत, आपटत होती. मी खाचेत नख घातलं, ते सबंध आत गेलं. इतकी खाच आठवड्यात पडत नाही, त्याला महिना लागतो. म्हणजे त्या सकाळी चेन या कव्हरावर खडखडत होती, आणि मी समाधी लागल्यासारखे डोळे मिटून उभा होतो.

हरपाल पलीकडे टायरवर बसून माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, "साहब को बताया क्यों नहीं? गाड़ी मुझे दिखाई थी ना?"

तो उठला. आजूबाजूला पाहून अगदी माझ्या समोर येऊन उभा राहिला. मग दोन बोटांनी त्याने मिशी वर उचलली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "उस्ताद, फिर आपको कौन रखता?"

मला आधी त्याचा रागच आला. याला कधीपासून माहीत? आणि कोणी सांगितलं होतं याला शहाणपणा करायला? राग ओसरल्यावर मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा कान शाबूत दिसावा म्हणून हा माणूस मुकाट्याने घरी जायला निघाला होता.

भंगारवाला दुपारी यायचा होता. कव्हर ढिगात टाकलं असतं तर कुणी विचारलं नसतं. टाकावं असं वाटलंही. पाच-दहा मिनिटं मी ते हातात धरून ढिगापाशी उभा होतो, हे कबूल करायला हवं. मग ते तसंच तेलकट घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि टेबलावर ठेवलं.

"साहब, आवाज़ महीनेभर से थी. हरपाल गाड़ी मेरे पास लाया था. मैंने वापस भेज दिया. मुझे सुनाई नहीं देता. बहुत सालों से."

साहेब मान खाली घालून खाचेवरून बोट फिरवत काहीतरी बोलले. ते मला दिसलं नाही. मी तसाच उभा राहिलो, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मग ते बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायला लागले. आवाज आला नाही, पण गळ्याच्या शिरा दिसल्या आणि काचेपलीकडे सगळं वर्कशॉप वळून आमच्याकडे बघताना दिसलं. "फौजी, कल से आप स्टोर देखो. आराम से." शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. तो 'आप'चा आदर सोसवेना.

हरपालची नोकरी राहिली. त्याने आभारबिभार मानले नाहीत. संध्याकाळी चहाचा ग्लास माझ्याजवळ आणून ठेवला आणि गेला.

आता मी स्टोअरच्या खिडकीत बसतो. चिठ्ठी येते, मी बेअरिंग नाहीतर गॅस्केट काढून देतो. बोलायचं काम पडत नाही, त्यामुळे कोणी बोलत नाही. लोक लांबूनच बोटाने खुणा करतात. शनिवारी तेच इंजिन नव्या चेनवर सुरू केलं. सवयीने चार-पाच माना माझ्या खिडकीकडे वळल्या, आणि लगेच दुसरीकडे फिरल्या. चौदा वर्षांत मला तिथे इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

आज रविवार. नऊ वाजता मीनाक्षीचं नाव स्क्रीनवर आलं. टँकरचा विषय तयार होता. मी उचलला आणि म्हणालो, "मीनाक्षी, थांब. मला ऐकू येत नाही. आई समोर बसून तुझं बोलणं सांगायची. ती गेल्यापासून तू काय काय बोललीस, त्यातलं एक अक्षर मला माहीत नाही. तू बरी आहेस की नाही, तेसुद्धा माहीत नाही. म्हणून मी तुला बोलू देत नव्हतो."

मग मी तिला बोलू दिलं. फोन कानावरून काढला आणि पेचकसाची मूठ लावायचो तसा मागच्या हाडाला घट्ट दाबला. तिथे बारीक थरथर लागली. ती थांबली, पुन्हा सुरू झाली, बराच वेळ चालू राहिली. मीनाक्षी बोलत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी फोन तसाच धरून बसलो.