पत्र्याच्या कर्ण्याने ऐकलेली कबुली

मित्रांनो, खुंटीला टांगलेलं हे नरसाळं कसलं, म्हणून हसू नका. मी एक जुना कर्णा आहे, पत्र्याचा. मला बॅटरी नाही, वायर नाही. अरुंद बाजूने माणसाने बोलावं आणि रुंद बाजूने ते चौकभर ऐकू जावं, एवढंच माझं काम.

मला घडवलं एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने. त्याची मुलगी त्याला बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांनी पत्रा कापला, गोल वळवला, डाख वितळवून सांधा जोडला आणि ओठ कापू नये म्हणून कड दुमडून घेतली. तेव्हा ते तिशीत होते. त्यांचा पक्ष जुन्या वळणाचा. मोठ्यांचा मान राखा, उगाच नवी खुळं काढू नका, असं सांगणारा. बाबांचा त्यावर मनापासून विश्वास होता. चाळीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत ते पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून माझ्यातून गरजत, "बसलेली घडी मोडू नका!" लोक म्हणत, "काय खणखणीत आवाज!" कौतुक त्यांचं व्हायचं आणि फुगायचो मी.

यंदा दुसऱ्या पक्षाने कपड्यांच्या कारखान्यातली एक शिवणकाम करणारी बाई उभी केली. तिचं म्हणणं, काम चालू असताना दारांना बाहेरून कुलूप लावू नये, तसा नियम करा. बाबांची मुलगी तिच्या शेजारच्याच मशीनवर बसायची.

"बाबा, खरंच कुलूप लावतात हो," एकदा जेवताना ती म्हणाली.

"मालक म्हणजे घरातला वडील माणूस. घराला कुलूप आपणही लावतोच की."

"माणसं आत असताना?"

 बाबांनी हात धुतले, मला उचललं आणि चौकात जाऊन गरजले, "कात्री धरणारीला कारभार धरता येईल काय?" लोक खो खो हसले. मीही तो टोमणा चांगला घुमवून घुमवून पोचवला. आज त्याची लाज वाटते.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी कारखान्याला आग लागली. धूर दिसताच बाबांनी दुकानातून छिन्नी, हातोडा आणि पत्रा कापायची मोठी कात्री घेतली. मी काखेत होतोच. कारखान्याच्या दाराला कुलूप, आणि किल्लीवाला पहारेकरी जेवायला गेलेला. आतून मुठी आपटत होत्या. मित्रांनो, मी आयुष्यभर टाळ्या ऐकल्या होत्या. तो आवाज ऐकून माझा पत्रा गार पडला.

मागची भिंत पत्र्याची होती. बाबांनी मला तोंडाला लावलं. "मागे या! सगळ्याजणी मागच्या भिंतीकडे! खाली वाकून या!" मग मला बाजूला टाकून त्यांनी भिंतीला भोक पाडलं आणि कात्री चालवली. आतून निवडणुकीला उभी असलेली ती शिवणवाली एकेकीला बाहेर ढकलत होती. "हिला आधी घ्या, हिला दमा आहे!" ती ओरडली. जिला पुढे ढकललं, ती बाबांचीच मुलगी होती. शिवणवाली सर्वांत शेवटी आली, केस जळलेले. दोघीजणी मात्र आल्याच नाहीत.

तीन दिवसांनी बाबांच्या पक्षाचे अध्यक्ष घरी आले. "काका, पोरगी वाचली, देवाची कृपा. चौकात आगीचा विषय नको. कुणी विचारलंच तर पहारेकऱ्याची चूक म्हणा, झालं."

"कुलूप काय तो त्याच्या मनाने लावत होता?"

"काका, तुम्ही आपले माणूस आहात."

"म्हणून तर तुम्हालाच विचारतोय."

अध्यक्ष अर्धा चहा तसाच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी चौक भरला. बाबांनी मला उचललं. पुढे काय येणार ते मला पाठ होतं. पण बराच वेळ नुसता श्वासच येत राहिला.

"दारं उघडी ठेवा म्हणणाऱ्या बाईची मी याच जागी टिंगल केली," बाबा म्हणाले. "दोघी आत राहिल्या. मी चुकलो. माझं मत त्या बाईला. तुम्हीही तिलाच द्या."

मी हादरलो. वाटलं, आपला सांधा उकलला आणि भलतेच शब्द बाहेर पडले.  मग बाबांचा चाळीस वर्षांपासूनचा सोबती किंचाळला, "घरभेदी!" कुठूनतरी दगड आला आणि माझ्या कडेवर बसला. बाबांनी चेपलेली कड अंगठ्याने चाचपली आणि तेच पुन्हा म्हणाले, एकही शब्द न बदलता.

शिवणवाली थोडक्यात निवडून आली. आभार मानायला घरी आली तेव्हा बाबा म्हणाले, "तुझं सगळंच मला पटतं असं समजू नकोस."

"मलाही तुमचं कुठे पटतं, काका!" ती म्हणाली. पोरगी हसली, आगीनंतर पहिल्यांदाच.

दारांचा नियम झाला. तो सोबती मात्र बाबांना पाहून अजून रस्ता ओलांडतो. बाबा त्याच्या पाठीकडे पाहत उभे राहतात.

मित्रांनो, मला ओलीत ठेवू नका, मी गंजतो. अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. आणि तोंडाला लावण्याआधी क्षणभर गप्प राहा. आत येईल ते मी मोठं करतो, खरं असो की खोटं. त्यातलं निवडणं मला जमत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.