दुभाष्याचं "नाही"

मेहारी एरिट्रियातून पळून आलेला. इजिप्तमधल्या अस्वानमध्ये वीस वर्षं कॉफीचं दुकान चालवत होता. अरबी पक्की झाली, तसं परदेशी लोकांच्या कोठडीतून त्याला दुभाषा म्हणून बोलावणं येऊ लागलं.

त्या दिवशी समोर त्याच्याच देशातली लेतेब्रहान होती. कागदपत्रं नाहीत म्हणून बसमधून उतरवलेली, चार महिने कोठडीत. चाळीस बायकांत एक नळ. खरजेनं हात सोलून निघालेले. मायदेशी परत जायची भीती वाटते का, असं पोलिसांच्या साहेबांनी विचारलं. मेहारीनं तेच तिला त्या दोघांच्या बोलीत विचारलं.

तिनं साहेबांकडे पाहिलंच नाही. मेहारीच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहून ती म्हणाली, "नाही काका. आपल्या सरकारनं माझं काय वाईट केलंय?"

मेहारीला तिथल्या तिथे उमगलं. बाई त्यालाच भीत होती. आपल्यातला माणूस पोलिसांशेजारी खुर्ची टाकून बसलाय, म्हणजे तो एरिट्रियाच्या सरकारचा कान असणार, असं तिला वाटलं होतं. एका वाक्यात तिचा संशय फिटला असता. पण त्याचा स्वतःचा राहण्याचा परवाना त्याच महिन्यात नवा व्हायचा होता, आणि विचारलं तेवढंच बोलायचं, अशी ताकीद होती.

"नाही म्हणतेय," तो म्हणाला. परत पाठवणीच्या कागदावर तिनं सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन त्यानं साहेबांना सगळं सांगितलं. साहेब रागावले नाहीत. तिला काल विमानात बसवली, एवढंच म्हणाले.

महिन्याभरानं तिचा दीर ओक्बाय दुकानात आला. विमानातून उतरल्यापासून तिची काहीच खबर नव्हती. मेहारीचा हात धरून तो म्हणाला, "एक बरं झालं दादा, शेवटी आपलं माणूस होतं तिच्याजवळ."

गप्प राहणं सोपं होतं. मेहारीनं कॉफी ओतली आणि सांगून टाकलं, परवान्याचंसुद्धा.

ओक्बायनं हातातला कप खाली ठेवला. "हे मला कशाला सांगितलंस? आता भावाला काय सांगू मी?" तिसरा कप घेतल्याशिवाय त्यांच्यात कुणी उठत नाही. तो पहिल्यावरच उठला, पुन्हा कधी आला नाही.

बोलावणी अजून येतात. मेहारी जातो. प्रश्न विचारण्याआधी आपलं गाव सांगतो, तिकडच्या सरकारच्या तुरुंगात मेलेल्या आपल्या भावाचं नाव सांगतो. साहेब विचारतात, एवढं काय बोललास?

"ओळख करून दिली," मेहारी म्हणतो.