डोहातले गुदमरणारे मासे

फेब्रुवारीतला गुरुवार. उजाडता उजाडता आमच्या गावच्या नदीतल्या डोहावर दोनशे माणसं हात जोडून उभी होती. तळेगावहून बाया ट्रॅक्टर भरून आल्या होत्या. काठावर मुक्काम ठोकलेल्या जलनाथबाबांनी शंख फुंकला आणि शेकडो मासे पाण्यावर आले. तोंडं वर, सारखी उघडझाप.

"पाहा, मुक्या जिवाले नदीमाय दिसते, तुमालेच दिसत नाई!" बाबा गरजले. "दूध ओता!"

लोकांनी कॅनच्या कॅन रिकामे केले. वर पीठ, हार, नारळ. इथल्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ओतणाऱ्यांत निम्मे माझेच विद्यार्थी. काय शिकवलं मी यांना?

माझी जुनी विद्यार्थिनी चारुता सुटीवर आली होती. कोकणातल्या खाड्यांचा ती अभ्यास करते. दुसऱ्या दिवशी तिला डोहावर नेलं. तिनं बाबांकडे न बघता आधी पाण्याचा वास घेतला.

"सर, वरच्या बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या कधी टाकल्या?"

"दिवाळीत."

"म्हणजे तेव्हापासून इथं ताजं पाणी नाही. धरणं नदीचं पाणी अडवतात, तेव्हा खाडीतही मासे असेच तडफडतात." मग ती बाबांकडे वळली. "महाराज, दुपारी काऊन येत नाई मासे?"

"दुपारी ते ध्यानात राह्यते."

"अन् मेलेले?" मागून रुख्माबाई ओरडली. ती याच डोहातली मासोळी विकून घर चालवायची. बाबा आल्यापासून जाळं टाकायला बंदी होती. "तुमचे चेले रोज अंधारात टोपलंभर काढून बाभळीखाली पुरते. मी पाह्यलं!"

"त्यांले मोक्ष भेटला, माय," बाबा हसले. लोकांनी जयजयकार केला!

चारुतानं डोहाच्याच पाण्यानं दोन बादल्या भरल्या. एकीतलं पाणी ती उंचावरून तिसऱ्या रिकाम्या बादलीत आणि परत पहिलीत ओतत राहिली, वीस-पंचवीस वेळा. मग रुख्माबाईला डोहातले मासे धरून दोन्हींत सोडायला लावले. साध्या पाण्यातले वर येऊन तोंड उघडू लागले. खळाळलेल्या पाण्यातले तळाशी गेले आणि निवांत फिरू लागले.

"शंख नाई, मंत्र नाई," चारुता म्हणाली. "पाण्यात हवा मिसळली, बस. वाहतं पाणी हेच करते. इथं ते थांबलं. त्यात तुमी दूध ओतलं, ते सडलं, उरलीसुरली हवा त्यानं खाल्ली. रात्री शेवाळही हवा देत नाई, म्हणून सकाळी मासे गुदमरून वर येते. दुपारी उन्हात शेवाळ थोडी हवा देते."

मग सरपंच महादेवराव म्हणाले, "पण ताई, लोकायची श्रद्धा हाय ना."

माझं डोकं फिरलं. फळ्या काढाव्यात म्हणून अर्ज केले, ग्रामसभेत भांडलो. आठ दिवसांनी दोन फळ्या निघाल्या. पाणी वाहू लागलं, मासे वर येणं थांबलं. बाबा निघून गेले आणि गाव म्हणालं, चारुतानं माय घालवली! तिच्या आईला शेजारणींनी हळदीकुंकवालाही बोलावलं नाही.

रुख्माबाई मात्र पुन्हा जाळं टाकते. एवढंच हाती लागलं.

बाबा आता दुसऱ्या गावच्या डोहावर आहेत म्हणे. तिथल्या लोकांनो, हात जोडून सांगतो: नदीला दूध नको, वाहतं पाणी द्या. आणि देव मानायचा तर माना, पण जीव जाताना दिसत असेल तर जयजयकार थांबवून आधी कारण शोधा.